कोड वाचता येतो, लिहिता येत नाही: टीईला जाण्याआधी काय करायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, 2019 पॅटर्न. एसई (दुसरं वर्ष) पार पडलं, एसजीपीए आठाच्या वर, बॅकलॉग नाही. तरी कोरी फाइल उघडली की साधी लिंक्ड लिस्टसुद्धा (प्रत्येक नोड पुढच्याचा पत्ता ठेवतो अशी साखळी) हातून उतरत नाही. टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, डीबीएमएस (डेटाबेस), टीओसी (गणनेचा सिद्धांत), एसपीओएस (सिस्टीम प्रोग्रॅमिंग व ऑपरेटिंग सिस्टीम) आणि सीएनएस (नेटवर्क व सुरक्षा) एकदम अंगावर येणार आहेत. त्यांतला कोणता आधी धरायचा आणि त्यापेक्षा फुल स्टॅकचा (वेबसाइटची दर्शनी आणि सर्व्हरची, दोन्ही बाजू शिकवणारा) क्लास लावलेला बरा का, असं तुम्ही विचारलं आहे.

कोणता विषय आधी, हे नंतर बघू. खरी अडचण तुम्हीच एका ओळीत लिहिली आहे: दुसऱ्याचा कोड वाचला की कळतो, स्वतःहून सुचत नाही. वाचताना पुढची ओळ समोरच असते, त्यामुळे ‘आता काय व्हायला हवं’ हे ठरवायची वेळच येत नाही. लिहिताना प्रत्येक ओळीला ते ठरवावं लागतं, आणि त्यासाठी या क्षणी मेमरीत काय आहे हे डोळ्यांपुढे असावं लागतं. ते दिसत नाही म्हणून हात थांबतो. सिंटॅक्स तुम्हाला येतो, तर्कही येतो. कमी पडते ती चालू प्रोग्रॅमची स्थिती ओळीगणिक कशी बदलते हे पाहण्याची सवय, आणि टीईचे चारही विषय नेमके त्याच सवयीवर उभे आहेत.

ही सवय न लागताही आठच्या वर एसजीपीए येऊ शकतो, कारण परीक्षेची रचनाच तशी आहे. पहिली दोन युनिट इन-सेमला 30 मार्कांना, उरलेली चार एंड-सेमला 70 मार्कांना. इन-सेम संपली की पहिली दोन युनिट मुलं मिटवून टाकतात. डीबीएमएसमध्ये एसक्यूएल दुसऱ्या युनिटला आणि ट्रान्झॅक्शन चौथ्या युनिटला असल्यामुळे, ज्या क्वेरीवर लॉक लागतो ती क्वेरी आणि तो लॉक यांची गाठच पडत नाही. प्रॅक्टिकलला चालणारा कोड कुठून तरी मिळतो, जर्नल पूर्ण होतं, ओरलला व्याख्या विचारल्या की निभावतं. मी ओरलला प्रिंटआउट बाजूला ठेवून इनपुटमधली एकच ओळ बदलून देते आणि आता आउटपुट काय येईल ते कागदावर लिहायला सांगते. प्रोग्रॅम ज्यांनी खरोखर हाताखालून घातला आहे त्यांना दोन मिनिटं पुरतात. बाकीच्यांना कोड पाठ असूनही ते जमत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. डिप्लोमाला सी आणि डेटा स्ट्रक्चर मनापासून केलं असेल तर खालचं पहिलं काम आठवड्यात होईल, नसेल तर तीन आठवडे धरा. पहिल्या वर्षाचं गणित हुकल्याची धास्ती थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या बहुतेकांना असते. पण या चार विषयांना कॅल्क्युलस लागत नाही. लागतं ते सेम तीनचं डिस्क्रीट मॅथ्स: संच, संबंध, ग्राफ आणि इंडक्शनची सिद्धता. लिनिअर अल्जिब्रा आणि संभाव्यता बीईच्या (शेवटच्या वर्षाच्या) मशीन लर्निंगला लागेल, त्याला अजून वेळ आहे. तुम्ही 2024 पॅटर्नचे नाही, पण त्या पॅटर्नचं कुणी हे वाचत असेल तर विषयांची नावं आणि सेमिस्टर आपल्या सिलॅबसशी ताडून पाहा. कामाची पद्धत बदलत नाही.

पद्धत एका वाक्यात सांगता येते: प्रोग्रॅम चालवण्याआधी तो काय करेल ते कागदावर लिहायचं, मग चालवायचा, आणि जिथे कागद व मशीन यांचं जमत नाही तिथेच थांबायचं. ‘चालवून बघू’ म्हणून बटण दाबलं की शिकायची संधी गेली, कारण उत्तर समोर आल्यावर ‘हो, असंच होणार होतं’ असं प्रत्येकाला वाटतं.

लिंक्ड लिस्टपासूनच सुरुवात करा. नोड घालणं, शेवटी जोडणं, छापणं हे अर्ध्या तासाचं काम. खरी परीक्षा डिलीटची. गणित असं घ्या: सिंगली लिंक्ड लिस्टमधून दिलेल्या किमतीचे सगळे नोड काढून टाका. लिस्ट आहे 7, 7, 3, 7 आणि काढायचा आहे 7. चार नोडना अ, ब, क, ड अशी नावं द्या. ही नावं म्हणजेच त्यांचे पत्ते. कागदावर तीन रकाने आखा: हेड (पहिल्या नोडचा पत्ता), मागचा, चालू. सुरुवातीला हेड अ, मागचा नल (म्हणजे कुठलाच पत्ता नाही), चालू अ.

अ मध्ये 7 आहे. मागचा नल आहे, म्हणजे हेडच हलवावा लागेल. आधी अ चा पुढचा पत्ता, म्हणजे ब, बाजूला टिपून ठेवायचा, हेड ब करायचा, अ मोकळा करायचा (त्याची मेमरी परत द्यायची) आणि चालू ब करायचा. मागचा नलच राहतो. ब चंही तसंच: हेड क, चालू क, मागचा अजून नल. क मध्ये 3 आहे, त्याला हात लावायचा नाही, आता मागचा क होतो आणि चालू ड. ड मध्ये 7, मागचा क आहे, म्हणून क चा पुढचा पत्ता नल करायचा आणि ड मोकळा. चालू नल झाला, लूप संपला, हेडवर क एकटा उरला.

आता चूक कशी होते ते बघा. बहुतेक मुलं लूपच्या तळाशी, नोड काढला असो वा नसो, मागच्याला पुढे सरकवतात. मग अ काढल्यावर मागचा अ होतो, म्हणजे जो नोड आत्ताच मोकळा केला तोच. पुढच्या फेरीत ब काढताना मागचा नल नाही, त्यामुळे कोड हेडला हात लावत नाही. तो अ च्या मोकळ्या झालेल्या जागेत क चा पत्ता लिहितो आणि ब मोकळा करतो. हेड अजून ब कडेच बोट दाखवत राहतो. लिस्ट छापायला गेलात की मेलेल्या नोडपासून सुरुवात. एकच 7 असलेल्या लिस्टवर किंवा 3, 7, 4 अशा लिस्टवर हाच कोड बरोबर उत्तर देतो, म्हणून चूक लपून राहते. लागोपाठ दोन, पहिलाच आणि शेवटचा, अशा तिन्ही गोष्टी ज्यात आहेत ती लिस्ट मुद्दाम निवडायची ती यासाठी.

दुसरी चूक: नोड मोकळा केल्यावर त्याच्याकडून पुढचा पत्ता मागणं. ही जास्त फसवी आहे, कारण मोकळी केलेली मेमरी त्या क्षणी पुसली जाईलच असं नाही. कधी जुनी किंमत तशीच सापडते आणि प्रोग्रॅम चालतो, कधी कचरा सापडतो आणि सेगमेंटेशन फॉल्ट येतो. तुमच्या लॅपटॉपवर चाललेला कोड लॅबच्या मशीनवर कोसळतो तो अनेकदा यामुळे. जीसीसीमध्ये अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू करून आणि डीबगची माहिती ठेवून कंपाइल करा, म्हणजे अशा जागी प्रोग्रॅम लगेच थांबतो, ‘हीप यूज आफ्टर फ्री’ असं सांगतो आणि ओळीचा नंबरही देतो. विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यूमध्ये ही सोय सहसा मिळत नाही, म्हणून लिनक्स हवं. लॅपटॉपला 4 जीबी रॅम असेल तर व्हर्च्युअल मशीनच्या नादी लागू नका, ड्युअल बूट करा.

हे जमलं की एकदा नोडचा आकार छापून पाहा. इंट 4 बाइट, पॉइंटर 8 बाइट, पण 64 बिटच्या मशीनवर उत्तर 12 न येता 16 येईल, कारण पॉइंटर 8 च्या पटीतल्या पत्त्यावर बसावा म्हणून मध्ये 4 बाइट रिकामे सोडले जातात. एवढ्याशा गोष्टीतून मायक्रोप्रोसेसरचा विषय आणि डेटा स्ट्रक्चरचा विषय एकमेकांना भेटतात. पेपरात ते कधी भेटत नाहीत.

झाडांसाठी हीच रीत, फक्त रकान्यांच्या जागी कॉल स्टॅक येतो. प्रत्येक कॉलला एक ओळ: कोणता नोड, कुठून आलो, परत जाऊन काय करायचं बाकी आहे. बायनरी सर्च ट्रीमधून दोन्ही मुलं असलेला नोड काढताना इनऑर्डर सक्सेसर वर आणतात, आणि त्या सक्सेसरचं उजवं मूल हमखास हरवतं. कागदावर पाच-सात नोडचं असं झाड काढा, ज्यात सक्सेसरला उजवं मूल आहेच. एव्हीएलचे (स्वतःचा तोल सांभाळणाऱ्या झाडाचे) रोटेशन याच्यानंतर, आधी नको.

आता टीई. चारांत आधी एसपीओएस धरा. कारण त्याची पहिली दोन प्रॅक्टिकल, टू-पास असेंब्लर (असेंब्ली भाषेचा दोन फेऱ्यांत मशीन कोड करणारा) आणि मॅक्रो प्रोसेसर (लघुरूपांच्या जागी पूर्ण कोड भरणारा), ही चारही विषयांतली सर्वांत मोठी प्रोग्रॅमिंगची कामं आहेत आणि ती टर्मच्या अगदी सुरुवातीला येतात. त्याच काळात मुलं गडबडून तयार कोड उचलतात. सुट्टीतच असेंब्लर हातावेगळा केलात तर पुढचं वर्ष फार हलकं जातं. लॅबमध्ये असेंब्लरसाठी बहुतेक ठिकाणी जावा वापरतात, त्यामुळे स्ट्रिंग तोडणं, फाइल वाचणं आणि हॅशमॅप वापरणं एवढं जावा आधी येऊ द्या.

असेंब्लर कागदावर असा करा. लोकेशन काउंटर (पुढच्या ओळीचा पत्ता मोजणारा आकडा) 100 पासून सुरू करणारं ‘स्टार्ट 100’. पहिली ओळ: एक्स मधली किंमत रजिस्टरमध्ये घ्या. दुसरी: लिटरल 5 (सूचनेतच लिहिलेला आकडा) मिळवा. तिसरी: ‘पुढे’ या लेबलवर उडी. चौथी: एलटीऑर्ग, म्हणजे आतापर्यंतचे लिटरल इथेच मेमरीत बसवा. पाचवी: लिटरल 5 वजा करा. सहावी, जिच्यावर ‘पुढे’ हे लेबल आहे: रजिस्टर वाय मध्ये ठेवा. सातवी: स्टॉप. मग एक्स साठी डीएस 2 (जागा राखा), वाय साठी डीसी 1 (किंमत 1 ठेवा) आणि शेवटी एंड.

आधी फक्त लोकेशन काउंटर मांडा, बाकी काही नाही. पहिल्या तीन सूचना 100, 101, 102. एलटीऑर्गला काउंटर 103 आहे, तिथे लिटरल 5 बसतो आणि काउंटर 104 होतो. वजाबाकी 104, ‘पुढे’ 105, स्टॉप 106. एक्स ला 107, पण डीएस 2 म्हणजे दोन शब्दांची जागा, म्हणून वाय 109. एंडला दुसरा लिटरल 5 बसतो तो 110 वर. म्हणजे सिम्बॉल टेबलमध्ये (नावं आणि त्यांचे पत्ते) ‘पुढे’ 105, एक्स 107, वाय 109, आणि लिटरल टेबलमध्ये 5 दोनदा, 103 आणि 110. एका वेळी एकत्र बसवलेले लिटरल म्हणजे एक पूल: पूल टेबलमध्ये पहिला पूल एक नंबरच्या लिटरलपासून, दुसरा दोन नंबरच्या.

या छोट्या प्रोग्रॅममध्ये तीन सापळे मुद्दाम ठेवले आहेत. डीएसला एकच शब्द मोजला तर वाय 108 येतो आणि त्यानंतरचं सगळं एकाने मागे पडतं. लिटरल शोधताना संपूर्ण टेबल धुंडाळलं, चालू पूलपुरतंच पाहिलं नाही, तर दुसरा 5 नोंदवलाच जात नाही आणि वजाबाकीला 103 चा पत्ता लागतो. उत्तर योगायोगाने बरोबर दिसेल, टेबल मात्र चुकलेलं असेल. तिसरा सापळा सर्वांत नेहमीचा. एक्स आधी वापरला जातो आणि नंतर डिक्लेअर होतो. वापर दिसला की सिम्बॉल टेबलमध्ये पत्त्याविना नोंद करायची आणि डिक्लरेशन दिसलं की त्याच नोंदीत पत्ता भरायचा. पुष्कळांच्या कोडमध्ये डिक्लरेशनला नवीन नोंद होते, मग एक्स दोनदा दिसतो, एकदा रिकामा आणि एकदा 107. पास दोन रिकाम्या नोंदीकडे जातो आणि मशीन कोडमध्ये शून्य छापतो.

दोन पास का लागतात, हा प्रश्न ओरलला ठरलेला आहे. पाठ केलेलं उत्तर ‘फॉरवर्ड रेफरन्समुळे’. तुम्ही वरचा कागद पुढे करून सांगू शकाल की 100 वरची सूचना लिहिताना एक्स चा 107 अजून कुणालाच माहीत नव्हता, म्हणून इंटरमीडिएट कोडमध्ये पत्त्याऐवजी टेबलमधला क्रमांक ठेवला. पुढे लिंकर-लोडर येतात तेव्हा हीच गोष्ट फाइलच्या पातळीवर होते, आणि ते युनिट आपोआप सोपं जातं.

एसपीओएसच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या भागातलं शेड्यूलिंग आणि पेज रिप्लेसमेंट म्हणजे गणितं आहेत, सरावाने येतात. वेळ द्यायचा तो सिंक्रोनायझेशनला. दोन थ्रेड, एक सामायिक काउंटर, प्रत्येकाने तो दहा लाख वेळा वाढवायचा. उत्तर वीस लाखांपेक्षा कमी येतं, कारण वाढवणं म्हणजे वाचणं, मिळवणं आणि परत लिहिणं अशा तीन पायऱ्या, आणि मधल्या पायरीवर दुसरा थ्रेड घुसतो. इथे एक काळजी घ्या: कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवा. ते चालू असेल तर कंपायलर सगळा लूप एका बेरजेत गुंडाळू शकतो, मग उत्तर बरोबर वीस लाख येतं आणि म्युटेक्सची (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाची) गरजच नाही असा भलताच समज होतो. त्यानंतर प्रोड्यूसर-कन्झ्युमर (एक थ्रेड बफरमध्ये वस्तू घालतो, दुसरा काढतो) लिहा आणि प्रोड्यूसरमध्ये दोन वेट मुद्दाम उलट क्रमाने लावा, आधी म्युटेक्स, मग रिकाम्या जागा मोजणारा सेमाफोर. बफर भरेपर्यंत सगळं छान चालतं. बफर भरला की प्रोड्यूसर म्युटेक्स हातात धरून जागा रिकामी व्हायची वाट बघतो, आणि जागा रिकामी करणारा कन्झ्युमर म्युटेक्सची वाट बघतो. प्रोग्रॅम गप्प बसतो, एरर येत नाही. हे एकदा स्वतः घडवून पाहिलं की डेडलॉकच्या चार अटी पाठ कराव्या लागत नाहीत.

डीबीएमएसमध्ये एसक्यूएल आणि नॉर्मलायझेशन मुलं बऱ्यापैकी करतात. ट्रान्झॅक्शन मात्र शेड्यूलच्या तक्त्यांपुरतं राहतं. त्यासाठी मायएसक्यूएलच्या दोन टर्मिनल खिडक्या शेजारी शेजारी उघडा. खात्यात शिल्लक 1000. दोन्हीकडे ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन’ द्या. हे विसरलात तर लॉक दिसणारच नाही, कारण मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप पक्की होणं) मुळातच चालू असतं. दोन्हीकडे शिल्लक वाचा, दोघांनाही 1000 दिसेल. पहिल्याने 100 काढले, म्हणून शिल्लक 900 लिहा. दुसऱ्याने 200 काढले, म्हणून 800 लिहा. दुसरी खिडकी अडकून बसेल. तो रो लॉक. पहिलीकडे कमिट करा, दुसरी मोकळी होईल, तिथेही कमिट करा. शिल्लक 800. खरी हवी होती 700. काढलेले शंभर रुपये हिशेबातून गेले.

आता शिल्लक पुन्हा 1000 करून तेच परत करा, पण आकडा लिहिण्याऐवजी ‘शिल्लक वजा 200’ असं अपडेट द्या. उत्तर 700 येईल, जरी दुसऱ्या खिडकीने आधी 1000 वाचलेलं होतं. कारण अपडेट शेवटची कमिट झालेली किंमत घेतं, साधं सिलेक्ट मात्र ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीच्या वाचनाचं चित्र दाखवत राहतं. इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) मूळची आयसोलेशन लेव्हल, म्हणजे एका ट्रान्झॅक्शनला दुसऱ्याचे बदल कितपत दिसावेत याची पातळी, रिपीटेबल रीड असल्याचा हा परिणाम. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मूळची लेव्हल रीड कमिटेड असते. तिथे रिपीटेबल रीड लावून हाच प्रयोग केला तर दुसरं अपडेट चक्क नाकारलं जातं. एकाच नावाची लेव्हल दोन डेटाबेसमध्ये वेगळी वागते, हे सिलॅबसमध्ये सापडणार नाही, पण नोकरीत पहिल्याच वर्षी लागेल. शेवटी सिलेक्टला ‘फॉर अपडेट’ जोडून पाहा, आणि दोन रो उलट क्रमाने लॉक करून डेडलॉक घडवा. इनोडीबी तो लगेच ओळखतं, 1213 ची एरर देतं आणि एक ट्रान्झॅक्शन पूर्ण मागे घेतं. नुसता लॉकसाठी ताटकळत राहिलात तर मूळ सेटिंगनुसार 50 सेकंदांनी 1205 येते, आणि तिथे फक्त ती एकच क्वेरी मागे जाते, ट्रान्झॅक्शन चालूच असतं. हा फरक न कळल्यामुळे अर्धवट कमिट होतात.

सीएनएसमध्ये मी दोनच गोष्टींवर भर देईन. सबनेटिंग बिटांत करा, सूत्राने नको. /26 म्हणजे होस्टला 6 बिट, 64 पत्ते, त्यांतला नेटवर्कचा आणि ब्रॉडकास्टचा सोडून 62. आणि सॉकेट प्रोग्रॅम लिहिताना लक्षात ठेवा की टीसीपी बाइटांचा प्रवाह पाठवतं, मेसेज नाही. क्लायंटने दोनदा पाठवलेलं सर्व्हरला एकाच रिसीव्हमध्ये मिळू शकतं, किंवा एकदा पाठवलेलं दोन तुकड्यांत. एकाच मशीनवर छोट्या मेसेजने तपासलं तर हे क्वचितच दिसतं, म्हणून क्लायंटकडून मोठी फाइल पाठवून बघा. मेसेजच्या आधी लांबी पाठवणं किंवा शेवटी ठरलेलं चिन्ह ठेवणं, यांतलं काहीतरी करावंच लागतं. सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला की ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ येतं ते जुनं कनेक्शन टाइम-वेट स्थितीत असल्यामुळे. पोर्ट बदलत बसू नका, रीयूज अ‍ॅड्रेसचा ऑप्शन लावा. वायरशार्कमध्ये हे सगळं पाहताना लूपबॅक इंटरफेस निवडा, नाहीतर लोकलहोस्टचं एकही पॅकेट दिसणार नाही.

टीओसीची भीती सर्वांत जास्त असते. हा विषय तुम्हाला या पद्धतीने सर्वांत लवकर येईल असं मला वाटतं, कारण तो नखशिखांत स्थितींचाच आहे. मुलं डीएफए (ठरावीक स्टेट असलेलं, स्ट्रिंग ओळखणारं यंत्र) काढताना आधी गोल आणि बाण काढतात आणि मग स्ट्रिंग चालवून दुरुस्त्या करतात. उलट करा: आधी प्रत्येक स्टेटने काय लक्षात ठेवायचं ते शब्दांत लिहा. तीनने भाग जाणाऱ्या बायनरी संख्या ओळखायच्या असतील तर लक्षात ठेवायची गोष्ट एकच, आतापर्यंतची बाकी. बाक्या तीन, म्हणून स्टेट तीन: 0, 1, 2. नवा बिट आला की संख्या दुप्पट होते आणि त्यात बिट मिळतो, म्हणून बाकी 1 असताना 0 आला तर 2, 1 आला तर 0. बाकी 2 असताना 0 आला तर 1, 1 आला तर 2. बाकी 0 ला 0 आला तर 0, 1 आला तर 1. तपासायला 1101 घ्या, म्हणजे 13: बाकी 1, 0, 0, 1 अशी जाते आणि 13 ला तीनने भागल्यावर 1 उरतोच. पाचने भाग जाणाऱ्या संख्या विचारल्या तर आता चित्र आठवावं लागणार नाही. पम्पिंग लेमाही (एखादी भाषा डीएफएला ओळखता येत नाही हे दाखवणारं प्रमेय) यातून सुटतो: जितक्या गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात त्यांना मर्यादाच नसेल तर मोजक्या स्टेट पुरणार नाहीत. पीडीएला (पुशडाउन ऑटोमेटाला) स्टॅक मिळतो तो त्यासाठी, ट्युरिंग मशीनला टेप मिळते ती त्यासाठी.

फुल स्टॅकच्या क्लासबद्दल. घरच्या अडचणीमुळे वर्षभरात नोकरी हवी असेल तर त्याला मी नाही म्हणणार नाही. तसं नसेल तर आत्ता नको. जिथे कोड सुचत नाही तिथे फ्रेमवर्क शिकलात तर पुन्हा तयार कोड वाचून समजण्याचंच काम वाढेल. वेब टेक्नॉलॉजी सहाव्या सेमला सिलॅबसमध्येच आहे, तेव्हा स्वतःचा एक प्रोजेक्ट डीबीएमएसच्या टेबलांवर उभा करा. गेट द्यायचा विचार असेल तर या चार विषयांच्या जोडीला डिस्क्रीट मॅथ्स, अल्गोरिदम आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन एकत्र धरा. गेटची तयारी म्हणून वेगळं काही सुरू करायची घाई टीईला नको. मोठ्या भरती करणाऱ्या कंपन्यांसाठी अ‍ॅप्टिट्यूडचा सराव लागतो, तो सहाव्या सेमनंतरही जमतो.

वेळेचं म्हणाल तर सुट्टीतले सहा आठवडे, रोज दोन सलग तास धरून चाला. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिले दोन आठवडे लिंक्ड लिस्ट, स्टॅक, क्यू. तिसरा झाडांना. चौथ्यात हॅश टेबल आणि फाइल वाचून शब्द मोजणारा एक प्रोग्रॅम, जो पुढे असेंब्लरच्या टेबलांना कामी येतो. पाचवा पूर्ण असेंब्लरला: दोन दिवस नुसता कागद, मग पास एक, मग पास दोन. सहाव्यात मायएसक्यूएलच्या दोन खिडक्या आणि थ्रेडचे प्रयोग. सीएनएस आणि टीओसी टर्म सुरू झाल्यावर. एखादा दिवस हुकला तर दुसऱ्या दिवशी चार तास बसून भरून काढायला जाऊ नका, वेळापत्रक एक दिवस पुढे ढकला.

कागदावरचं आणि मशीनचं जुळलं नाही की लगेच इंटरनेटवर किंवा एआयला विचारण्याचा मोह होईल. आधी वीस मिनिटं जीडीबीमध्ये (डीबगरमध्ये) ब्रेकपॉइंट लावून एकेक ओळ पुढे जा आणि कागदावरच्या रकान्याशी ताडून पाहा. पहिला फरक ज्या ओळीला दिसेल तिथे चूक आहे. तरीही सुटलं नाही तर विचारा, पण ‘माझा कोड चालत नाही’ असं न लिहिता ‘या ओळीनंतर मला हेड क हवा होता आणि ब दिसतोय’ असं लिहा. असं लिहायला बसलात की पुष्कळदा पाठवायच्या आधीच उत्तर सापडतं. आठवड्याने तोच प्रोग्रॅम कोऱ्या फाइलमध्ये, जुना न उघडता, परत लिहा. दुसऱ्यांदा तो वेगळा उतरला तरी हरकत नाही. वरची 7, 7, 3, 7 ही लिस्ट त्याने बरोबर हाताळली की पुढच्या कामाला लागा.